सत्त्याहत्तर की शहाण्णव?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्याकडे पाहुणे आले की शोकेससमोर थांबतात आणि हमखास विचारतात, "मुलाची का हो ही विमानं?" मुलगा अकरावीत आहे आणि त्याला विमानांत काडीचा रस नाही. विमानं माझी आहेत. वय वर्षं अठ्ठेचाळीस. हा आकडा तेवढा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आज बोलायचंय ते प्लॅस्टिकच्या किटमधून विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती करण्याच्या छंदाबद्दल. हुबेहूब म्हणजे मापात. एकास बहात्तर असं खोक्यावर लिहिलेलं असेल तर खऱ्या विमानाचं बहात्तर इंच तुमच्या टेबलावर एक इंच होतं. म्हणजे सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा. फूट आणि इंचात विचार करणाऱ्या इंग्रजांना हे सोयीचं पडलं, आणि फ्रॉग नावाच्या त्यांच्या कंपनीने १९३६ साली या मापाची प्लॅस्टिकची किट्स बाजारात आणली. दुसरं लोकप्रिय माप एकास अठ्ठेचाळीस. माझं वय ते माझं माप, असं मी घरी सांगतो. पुढच्या वर्षी काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

खोकं उघडलंत की आत प्लॅस्टिकच्या चार-सहा चौकटी निघतात आणि त्यांना झाडाला कैऱ्या लटकाव्यात तसे भाग लटकलेले असतात. अर्धा पंख, अर्धं पोट, नखाएवढी खुर्ची, मसुराएवढी चाकं. लगेच कापायला घेऊ नका. आधी त्या चौकटी भांड्यांच्या साबणाने धुवा. मोदकाच्या साच्याला आपण तुपाचं बोट लावतो ना, तसं कारखान्यातही साच्याला काहीतरी लावलेलं असतं. तो ओशटपणा राहिला की त्यावर रंग धरत नाही. आधी धुवा. मग कापा. भाग पिरगाळून तोडायचा नाही, कापायचा. घरातला नेलकटर चालतो.

कापलेला भाग लगेच चिकटवायचा नाही. आधी कोरडा जुळवून बघायचा. पुन्हा सांगतो, आधी कोरडा जुळवायचा. फट दिसली तर वॉटर पेपर घ्या, हार्डवेअरच्या दुकानात चारशे नंबरचा मागा, आणि पाण्यात बुडवून हळूहळू घासा. या कामात घाई करणाऱ्या माणसाचं काही खरं नाही. एकूणच हल्ली सगळ्यांना तयार गोष्टी हव्यात. दिवाळीत रस्त्यावर प्लॅस्टरचे रंगवलेले किल्ले विकायला ठेवतात, बघितलेत? बुरूज तयार, तळं तयार, मावळेसुद्धा चिकटवलेले! अहो, मग पोरांनी करायचं काय? आमच्या वाड्यात माती कालवण्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. हळीव पेरायचं आणि रोज सकाळी उठून बघायचं, उगवलं का. असो. आपण विमानाकडे येऊ.

या छंदातला गोंद खरं म्हणजे गोंदच नाही. तो प्लॅस्टिकच विरघळवतो. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि वाळल्यावर एकच तुकडा होतो. वैमानिकापुढची काच मात्र याला अपवाद. काचेला साधा फेविकॉल लावा, तो वाळला की दिसत नाही. दोन सेकंदांत चिकटणारा जो गोंद मिळतो तो काचेजवळ नेऊ नका, त्याच्या वाफेने काच दुधासारखी पांढरी होते. माझ्या पहिल्या तीन विमानांच्या वैमानिकांना मी असाच मोतीबिंदू केला.

मोतीबिंदूवरून आठवलं. रंगाचं सांगायचंय, खरं तर रंगाचंच जास्त सांगायचंय, पण आधी ही गोष्ट ऐका.

आम्ही नाशिकचे. नाशिकजवळ ओझर. १९६४ साली तिथे एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीचा कारखाना उभा राहिला, तो मिग-२१ ही लढाऊ विमानं बनवण्यासाठी. आमच्याकडे एचएएल कुणी म्हणत नाही. "तो मिगमध्ये लागला" म्हणतात. वसाहतीचं नावच ओझर मिग. एके काळी लग्नाच्या बैठकीत "मुलगा मिगमध्ये आहे" एवढं सांगितलं की पुढची चौकशी आपोआप आखूड व्हायची.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका मिगमधले. शीटमेटलला होते, तीस-पस्तीस वर्षं. त्यांचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्यापासून खालचा चहा बंद होईल.

तीन वर्षांपूर्वी थंडीत मी मिग-२१ पूर्ण केलं. एकास अठ्ठेचाळीस. पंखांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम पंधरा सेंटिमीटर, वीतभरही नाही, आणि लांबी मात्र फूटभर. मला हवं होतं १९७१च्या लढाईतलं. त्या वेळी ही विमानं मुळात अॅल्युमिनियमच्या रंगाची, चकचकीत होती. लढाई जवळ आली तेव्हा हवाई दलाने त्यांना वरून हिरवे फराटे मारले. मला फराट्यांच्या आधीचं, लखलखीत हवं होतं. दुकानात जे मिग-२१ मिळालं ते आणलं. मिग म्हणजे मिग, असं आपलं मला वाटलं. दोन महिने खपलो. आधी चकचकीत काळा रंग आणि त्यावर अॅल्युमिनियमचा, म्हणजे धातू खरा वाटतो. शेपटीवर तिरंगा आणि क्रमांक. आणि एका रविवारी ताटात ठेवून, अगदी हळदी-कुंकवाचं तबक न्यावं तसं, खाली काकांकडे घेऊन गेलो.

काकांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख मिळायची होती. ते म्हणाले, "दे हातात." मी जिवावर उदार होऊन दिलं.

त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि आधी कानाजवळ नेऊन हलवलं.

"नाकात काय वाजतंय रे?"

"छर्रे आहेत काका. सायकलच्या दुकानातले. एखादा सुटलेला दिसतोय. नाकात वजन नाही घातलं तर शेपटीवर बसतं ते."

"हां," काका म्हणाले. "आम्ही रडार बसवायचो."

काकू आतून हसल्या. मीही हसलो, पण तोवर काकांचं बोट चालायला लागलं होतं. काचेवरून मागे, पाठीवरून शेपटीकडे, पुन्हा काचेकडे. भाकरी भाजली का ते बोटाने बघतात ना, तसं.

"कुठल्या सालचं म्हणालास?"

"एकाहत्तर."

"पाठ जाड आहे."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"सत्त्याहत्तरची पाठ अशी नसते. सत्त्याहत्तर बारीक. काचेच्या मागे लगेच उतरते. ही भरलेली आहे. हे शहाण्णव."

श्रोतेहो, हे आकडे सालं नाहीत. आपल्या हवाई दलात मिग-२१च्या प्रकारांना असे आकडे होते. एकाहत्तरला जे लढलं, ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर १४ डिसेंबरला ज्याने रॉकेट मारले, ते टाइप सत्त्याहत्तर. टाइप शहाण्णव त्या लढाईनंतर आलं. पाठीच्या त्या फुगवट्यावरून आणि नाकावरच्या नळीवरून दोघं ओळखू येतात. ही नळी म्हणजे पिटो, विमानाचा वेग कळण्यासाठी पुढे भाल्यासारखी आलेली. सत्त्याहत्तरला ती नाकाच्या वर, मधोमध. शहाण्णवला वरच, पण वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकलेली. खोक्यातल्या कागदावर हे चित्रात होतं. मी चिकटवलीही तशीच होती. पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

काकांचं बोट नाकाकडे निघालं. मला दिसत होतं काय होणार ते. मी "काका, काका" म्हणेपर्यंत ते म्हणाले, "हे बघ, नळी मधोमध नाहीच आहे, उजवी..."

खट्.

नळी मोडली. खाली पडली आणि त्या फरशीच्या ठिपक्यांत जी गेली ती आजतागायत सापडलेली नाही. काकू बाहेर येऊन उभ्या राहिल्या. कुणी काही बोलेना. काकांना दिसलं नव्हतं, पण ऐकू गेलं होतं. मग ते म्हणाले, "अगं, फ्रीजमधला माझा डबा दे."

त्या डब्यात त्यांचं इन्सुलिन आणि सुया. त्यांनी एक नवी कोरी सुई मला दिली. "ही लाव. प्लॅस्टिकपेक्षा सरळ आहे." मी पकडीने तिचं प्लॅस्टिक काढलं, टोक वॉटर पेपरवर घासून बोथट केलं, आणि टाचणीने नाकाला भोक पाडलं. काका विमान दोन्ही हातांत धरून बसले होते. दिसत काही नव्हतं, पण अंगठा सुईखाली धरून सांगत होते. "वर. थोडी वर. अरे, खाली चाललीय. बस, धर तशीच."

चिकटवायच्या आधी मी विचारलं, "काका, भोक मधोमध पाडू का? म्हणजे सत्त्याहत्तर होईल."

"आणि पाठ? पाठ तासणार आहेस?" मग थोडं थांबून, "राहू दे शहाण्णव. तेही आमचंच आहे."

घरी येऊन मी चिकटपट्टीने शेपटीवरचा एकाहत्तरच्या विमानाचा क्रमांक उचकटून काढला.

पुढे काकांची दोन्ही ऑपरेशनं झाली. काळा चष्मा उतरल्यावर ते एक दिवस वर आले, थेट शोकेसपाशी गेले, विमान डोळ्यांपाशी धरलं आणि म्हणाले, "ह्या काळ्या रेघा कसल्या?" पत्र्यांच्या जोडांत पातळ काळा रंग सोडायची आमच्यात पद्धत आहे, जोड उठून दिसतात. "जोड दिसतात काका," मी म्हटलं. "आम्ही एवढ्या फटी ठेवल्या असत्या तर इन्स्पेक्शनवाल्याने परत पाठवलं असतं." तेव्हापासून मी काळा सोडून राखाडी वापरतो, तोही जपून. विमानावर शाळेच्या वहीसारख्या रेघा ओढणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे, आणि त्याला काकांचा पाठिंबा आहे.

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर एकत्रच बसलो होतो. १९६३ला पहिली विमानं आली होती तीही चंदीगडलाच. मला वाटलं काका काहीतरी बोलतील. ते एवढंच म्हणाले, "आवाज कमी कर रे. हा निवेदक फार बोलतो."

तेव्हा मीही आवरतं घेतो. घड्याळाकडे बोट दाखवणारे गृहस्थ काचेपलीकडे केव्हाचे उभे आहेत.

रंग. रंग पातळ मारा. आमच्यात म्हणतात दुधासारखा पातळ. म्हशीच्या नव्हे, पिशवीतल्या टोन्ड दुधासारखा. कारण एकास अठ्ठेचाळीस मापात रंगाचा थर मिलिमीटरचा दहावा भाग जाड झाला, तर खऱ्या विमानावर तो जवळजवळ अर्धा सेंटिमीटर होतो. एवढा जाड रंग तर भिंतीलाही नसतो. पातळ मारा, वाळू द्या, पुन्हा पातळ मारा.

आणि चित्रं, म्हणजे तिरंगी चकत्या, क्रमांक वगैरे. ती कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवून कागदावरून सरकवायची असतात. खरखरीत रंगावर लावली तर खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. म्हणून क्रम पाठ करा. आधी चमक, मग चित्र, मग मॅट. आधी चकचकीत वार्निशचा हात, त्यावर चित्रं, ती वाळल्यावर मॅट वार्निश. चमक, चित्र, मॅट. विमान धातूच्या रंगाचं ठेवायचं असेल तर मॅट नको.

जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रेच्या डब्यातलं वार्निश मारू नका. दमट हवेत ते पांढुरकं पडतं, आणि मग गणपतीपर्यंत तुम्ही स्वतःलाच बोल लावत बसता. पावसाळ्यात कापा, घासा, जुळवा. रंग दसऱ्यानंतर.

आणि इन्सुलिनची सुई घेतलीत तर नवीच घ्या, आणि टोक आधी घासा. मी दुसऱ्या वेळी विसरलो होतो.

नमस्कार.