मूल नेमकं अडतंय कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बाई, आमचा गणितात कच्चा आहे, जरा लक्ष द्या." नाहीतर, "वाचायचं म्हटलं की पळून जाते." मूल नेमकं कुठे अडलंय, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. शाळेतलं असो की घरातलं, खरं काम तिथूनच सुरू होतं. आज पहिली ते चौथीच्या मुलांबद्दल बोलते.

घरात तिसरीचं मूल असेल तर त्याला एक वजाबाकी घालून बघा. ५२ वजा २८. पुष्कळ मुलं उत्तर लिहितात ३६. आपण म्हणतो, "चुकलं, परत कर." मूल परत करतं आणि परत ३६च येतात. त्याच्या लेखी ते बरोबरच असतं. वर दोन, खाली आठ. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून दोन काढले. उरले सहा. पाचातून दोन गेले, उरले तीन. हा धांदरटपणा नव्हे, त्याला हातचा म्हणजे काय ते कळलेलं नाही. अशा वेळी आणखी दहा वजाबाक्या दिल्या तर तीच चूक पक्की होते.

वही मिटा. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी त्याच्यापुढे ठेवा आणि २८ रुपये मागा. सुटे तर दोनच आहेत. मूल घुटमळेल, घुटमळू द्या. थोड्या वेळाने तेच म्हणेल, "एक नोट मोडून द्या ना." मोडून द्या. आता नोटा चार, सुटे बारा. बारातून आठ गेले, चार उरले. दोन नोटा गेल्या, दोन उरल्या. झाले २४. मग वही उघडून हेच आकड्यांत मांडायला सांगा. नोटा नसतील तर काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या करा. वर्गात दशकाचे गठ्ठे याचसाठी असतात. ते कपाटात शोभेला ठेवू नयेत, ही माझी शिक्षकमित्रांना विनंती.

मराठी माध्यमाच्या मुलापुढे आणखी एक अडचण असते. आपण 'सत्तेचाळीस' म्हणतो तेव्हा कानावर आधी सात पडतात आणि हाताने आधी चार लिहायचे असतात. म्हणून ४७चे ७४ होतात. 'एकोणसाठ'मध्ये तर साठ ऐकू येतात आणि आकड्यात सहा कुठेच नसतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात नेहमीच्या नावांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांच्यावर टीकाही झाली. मला स्वतःला ती जोड योग्यच वाटते. मूल गोंधळलं की 'चाळीस आणि सात' म्हणू द्या. 'सत्तेचाळीस' सरावाने येतंच.

आता वाचन. गावोगावच्या मुलांना वाचन-गणित किती येतं हे पाहणारं, 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचं 'असर' सर्वेक्षण २००५ पासून होतंय. त्यातली वाचनाची चाचणी घरीही करता येते. मुलाला आधी एक छोटा परिच्छेद मोठ्याने वाचायला द्यायचा. जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर सुटे शब्द, तेही अडले तर अक्षरं. पाच-दहा मिनिटांत मूल कुठल्या पायरीवर आहे ते कळतं. ते चौथीत असलं आणि जोडाक्षरावर अडत असलं, तर जोडाक्षरापासूनच सुरुवात करायची. त्यात लाज कसली?

लहान मुलांचा वाचनाचा आणि गणिताचा पाया पक्का व्हावा म्हणून २०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं त्याचं उद्दिष्ट आहे. यातला 'समजून' हा शब्द विसरू नका. वेग लागतो, कारण एकेक अक्षर जुळवत वाक्याच्या शेवटापर्यंत पोचलेलं मूल वाक्याची सुरुवात विसरून गेलेलं असतं. पण म्हणून घड्याळ लावून त्याच्यासमोर बसू नका. तोच धडा दोन-तीनदा वाचला की वेग आपोआप येतो. आणि शाब्दिक उदाहरणं चुकणाऱ्या मुलाला आधी उदाहरण वाचून दाखवायला सांगा. बऱ्याचदा त्याचं गणित बरोबर असतं, ते वाचनात अडलेलं असतं.

मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल पहिलीत येतं, तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परकी असते. तिथे आधी त्याच्या भाषेत गोष्ट सांगायची, चित्रावर बोलायचं, मग छापील अक्षराकडे जायचं. मराठी घरातून इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलालाही हेच लागू आहे.

काही माता विचारतात, "मलाच वाचता येत नाही, मी काय करू?" ताई, तुम्ही ऐका. भाकऱ्या थापताना मुलीला शेजारी बसवून धडा वाचायला सांगा आणि मध्येच विचारा, "मग पुढं काय झालं? तो असं का वागला?" तिला तुम्हाला समजावून सांगावं लागेल. बाजारात हिशेब तिला करू द्या. पाव किलो मिरची, अर्धा किलो कांदे, शंभराची नोट, परत किती? उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका, "कसं काढलंस?" एवढंच विचारा. निम्म्या वेळा ती सांगता सांगता स्वतःच चूक पकडेल.

आणि पुढच्या पालकसभेत गुणपत्रकावर सही करण्याआधी बाईंना किंवा गुरुजींना दोन गोष्टी विचारा. माझं मूल वाचनात आज कुठल्या पायरीवर आहे? आणि वजाबाकीत ते नेमकं कुठे चुकतं? मुलाची वही सोबत घेऊन जा.

नमस्कार.