मोठ्या कॅटफिशचा भाव, जोडी आणि विक्री

मित्रहो, मासा मोठा म्हणून किंमत मोठी, हे गणित कॅटफिशला सरसकट लागू पडत नाही. रेडटेल कॅटफिश घ्या. दुकानात येतो तेव्हा तीन-चार इंचांचा. काळी पाठ, पांढरा पट्टा, लाल शेपूट. बघणारा लगेच भुलतो. पण हा अॅमेझॉन-ओरिनोकोच्या खोऱ्यातला मासा, चार फुटांपर्यंत वाढणारा. आपल्या घरांत सर्रास दिसणारी टाकी चार फूट लांब आणि दीड फूट रुंद, सुमारे २५० लिटरची. दोन फुटांच्या माशाला तिच्यात धड वळताही येत नाही. म्हणून पिल्लू हातोहात खपतं, आणि तोच मासा वाढला की फुकट द्यायचा म्हटला तरी घेणारा सापडत नाही. ‘शार्क’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पंगासिअसचीही हीच गत. तो तर ताटात बासा म्हणून येणारा मासा. काचेच्या पेटीत घाबरून धडका घेत राहतो.

अशा माशाचा भाव ठरवताना मी घेणाऱ्याची टाकी आधी बघतो. टाकीची रुंदी पुरेशी नसेल तर कितीही पैसे मिळोत, तो सौदा करू नये.

सकरच्या, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणाऱ्या प्लेको माशांच्या घराण्यात मात्र चित्र उलटं आहे. रॉयल प्लेको सावकाश वाढतो, त्यामुळे फूटभर लांबीच्या निरोगी माशाला खरोखर मोल असतं. तिथे ओळख चोख हवी. या माशांच्या जाती ओळखण्यासाठी ‘एल’ अक्षर लावून क्रमांक देण्याची पद्धत १९८८ साली जर्मनीतल्या एका मत्स्यालय-मासिकाने सुरू केली. एल १९० आणि एल २७ दोन्ही ‘रॉयल’ म्हणूनच विकले जातात, पण जाती वेगळ्या. क्रमांकाची खात्री नसेल तर तसं सरळ सांगावं.

आता नर-मादीचं. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. रेडटेलची ‘जोडी’ म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. या माशाचे नर-मादी बाहेरून खात्रीने ओळखता येत नाहीत, आणि व्यापारी पैदास होते ती संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन, शेततळ्यांत. पोट मोठं म्हणजे मादी, हेही खरं नाही. काल भरपूर खाल्लेला नरही तसाच दिसतो.

प्लेकोत खुणा मिळतात, पण वयात आलेल्या माशातच. वरून बघा: मादी पोटाशी रुंद, नराचं डोकं भारदस्त. नराच्या छातीच्या पराच्या पहिल्या जाड काट्यावर बारीक काटेरी केस दाट येतात. रॉयलच्या नरात ते शेपटीकडच्या अंगावरही जाणवतात. शंका उरली तर पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या टबात मासा हलकेच उलटा करून गुदद्वारामागचा उंचवटा बघावा. नरात तो निमुळता, मादीत रुंद आणि बोथट. जाळी मात्र अजिबात वापरू नका. गालाचे काटे तिच्यात अडकतात, आणि सोडवताना ते मोडतात किंवा जाळी कापावी लागते. एवढं करूनही ‘जोडी’ हा शब्द अंडी दिलेल्या नर-मादीसाठीच राखून ठेवावा. गुहेत अंड्यांवर बसलेल्या नराचा फोटो असेल तर भाव चढा सांगायला हरकत नाही. बाकीच्यांना ‘एक नर, एक मादी, माझ्या अंदाजाने’ म्हणावं.

विकताना टाकीत पोहणाऱ्या, खाणाऱ्या माशाचा व्हिडिओ द्या, शेजारी मोजपट्टी धरून. आत गेलेलं पोट आणि खोल गेलेले डोळे दिसले तर विक्री थांबवून आधी माशाला सावरा. पाठवायच्या आधी दोन दिवस उपाशी ठेवा. भरल्या पोटी मासा पिशवीतच ओकतो आणि पाणी नासतं. प्लेकोचे काटे पिशवीला भोक पाडतात, म्हणून झाकणाची बादली बरी.

आणि गिऱ्हाईक मिळालंच नाही तर? नदीत, तलावात सोडणं हा पर्यायच नाही. सकर काठात बिळं करतो आणि आपल्या नद्यांत तो आधीच पसरला आहे. मोठी टाकी असणाऱ्याला पैसे न घेता द्या, सोबत फिल्टरही द्या. पहिले काही दिवस मासा काही खाणार नाही, तेव्हा दिवा बंद ठेवायला सांगा आणि तो खायला लागेपर्यंत फोन उचलत राहा.