हाम्बाखचे जंगल वाचले, मानहाइम गेले

जर्मनीच्या पश्चिमेस, कोलोन आणि आखेन या शहरांच्या मधल्या सपाट, सुपीक पट्ट्यात ओक आणि हॉर्नबीम वृक्षांचे एक जुने जंगल आहे. आज जगाला ते हाम्बाख या नावाने ठाऊक आहे. पंचक्रोशीत एक आख्यायिका सांगतात. सम्राट शार्लमेनचे भोजन आटोपेपर्यंत जेवढ्या रानाला घोड्यावरून फेरा घालता येईल, तेवढे रान त्याच्या दरबारातील आर्नोल्डुस या गायकाने मागून घेतले. वाटेवरच्या गावांत त्याने आधीच ताजे घोडे उभे करून ठेवले होते, आणि मिळालेले सारे रान त्याने त्याच गावांना देऊन टाकले. कथा कशीही असो, या जंगलातील लाकूडफाट्यावर भोवतालच्या गावांचा शतकानुशतके सामायिक हक्क होता, हे खरे आहे.

जमिनीखाली मात्र लिग्नाइट, म्हणजे तपकिरी दगडी कोळसा, होते. १९७८ साली येथे खुल्या खाणीचे काम सुरू झाले आणि सुमारे चार हजार हेक्टर जंगलापैकी जेमतेम दहावा हिस्सा उरला. गावेही हलवली गेली: आधी लिख-श्टाइनश्ट्रास, पुढे एट्सवायलर, आणि २०१२ पासून मानहाइम.

त्याच वर्षी आंदोलकांनी झाडांवर घरे बांधून जंगलात मुक्काम ठोकला. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये पोलिसांनी ती घरे पाडायला घेतली, तेव्हा उंचावरून पडून एका तरुण पत्रकाराचा मृत्यू झाला. ५ ऑक्टोबरला म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने वृक्षतोड तात्पुरती थांबवली. जुन्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या दुर्मीळ बेखस्टाइन वटवाघळांच्या अधिवासाचा मुद्दा त्या खटल्याच्या केंद्रस्थानी होता. पुढे २०२० मध्ये उरलेले जंगल राखण्याचा निर्णय झाला.

या निर्णयामुळे शेजारचे मॉर्शेनिख हे गावही खाणीतून सुटले, पण तोवर तेथील बहुतेक कुटुंबे नव्या वसाहतीत राहायला गेली होती. ज्यांनी पिढ्यानपिढ्या हे रान राखले, त्यांच्यासाठी ही सुटका फार उशिरा आली, असेच म्हणावे लागते. मानहाइमच्या वाट्याला तर तीही आली नाही. कोळशासाठी त्या जमिनीची गरज उरली नाही, तरी खाणीचे उतार भक्कम करण्यासाठी लागणारी माती आणि वाळू-खडी मानहाइमच्याच शिवारातून काढायचे ठरले. त्यामुळे जंगल उभे राहिले आणि त्याच्या कडेचे गाव मात्र घराघराने पाडले गेले.