झाड कोणतं ते नंतर, ओल किती ते आधी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'शेगडीसाठी कोणतं लाकूड चांगलं?' उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी हे दोन तुकडे हातोहात फिरवा. एकाच झाडाचे, एकाच मापाचे. जो जड लागेल तोच चांगला असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठीच आजचं व्याख्यान आहे.

मीही त्यांच्यातलाच होतो. धुराड्याची लोखंडी शेगडी नवी घेतली, तेव्हा गाडीभर लाकूड आणलं. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, वर्षभर वाळलंय. तसं खोटंही नव्हतं. वर्षभर पडूनच होतं. फक्त अख्खे ओंडके, सालीसकट, जमिनीवर, ताडपत्रीत गच्च गुंडाळलेले. पहिल्याच रात्री शेगडीतून सूं-सूं आवाज यायला लागला. कापलेल्या टोकांतून फेस! घरातले म्हणाले, लाकूड जळत नाहीये, शिजतंय. तासाभरात शेगडीची काच काळी झाली आणि जाळ दिसतोय का, हा प्रश्नच मिटला. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "साहेब, तुम्हाला पेटवता येत नाही." हसू नका, तेही खरंच होतं.

सकाळी चिडून एक ओंडका फोडला आणि आतली बाजू गालाला लावली. गारढोण! बाहेरून खडखडीत, आत ओल तशीच. साल म्हणजे लाकडाचा रेनकोट. पाणी बाहेर पडतं ते कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून. न फोडलेला ओंडका वर्षभर ठेवला काय नि दोन वर्षं ठेवला काय, गाभा ओलाच राहू शकतो.

ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. आणि पाणी तापवून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सहापटींहून जास्त ते आटवायला लागते. म्हणजे त्या रात्री मी घर तापवत नव्हतो, धुराड्यातून वाफ सोडत होतो. शिवाय जाळ थंड पडला की धूर अर्धवट जळतो, धुराड्यात डांबरासारखा थर धरतो, आणि एखाद्या दिवशी तो थरच पेटतो...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, तीन.

तर कोणतं झाड. वजनाला वजन धरलं तर पूर्ण वाळलेली सगळी लाकडं जवळपास सारखीच उष्णता देतात, किलोला साधारण १८-१९ मेगाज्यूल. फरक आकारमानाचा. घट्ट लाकूड तेवढ्याच जागेत जास्त मावतं, निखारा टिकतो. हलकं चटकन पेटतं. दोन्ही ठेवा. ओल २० टक्क्यांच्या आत हवी. ओल मोजायचं मीटर सालीवर टोचू नका, ओंडका फोडून ताज्या बाजूला टोचा. रचताना फोडून रचा, जमिनीपासून उचलून, वर छप्पर, बाजू मोकळ्या. हलकं लाकूड वर्षभरात तयार होतं, ओकसारख्या घट्ट लाकडाला दोन वर्षं द्या. रंगवलेलं किंवा वाळवीचं औषध मुरवलेलं लाकूड नको, जुन्या औषधांत आर्सेनिक असायचं. समुद्रातून वाहून आलेलंही नको, त्यातलं मीठ शेगडीचं लोखंड खातं.

आणि तिसऱ्या रांगेत जो जड तुकडा अडकलाय, तो पुढे पाठवा. घरी न्यायचाय. त्याला अजून उन्हाळा बघायचाय.