आधी श्वास सोडा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘जुनाट आजार आणि शिथिलीकरण’. सांधेदुखी, अर्धशिशी, रक्तदाब, सगळ्यांवर बोलता येईल. पण समोर यावल, रावेर, चोपड्याकडच्या इतक्या आज्या बसल्यात की आधी धापेवर बोलतो, स्नायू सैल करण्याचं नंतर.

धाप म्हणजे सीओपीडीची, श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराची. आपल्याकडे त्याला सरसकट दमाच म्हणतात. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईलाही तो होतो, कारण तिनं जन्मभर कपाशीच्या काड्या आणि गोवऱ्या पेटवून कळण्याच्या भाकरी भाजल्या. आता घरात गॅस आला, तो यायलाच हवा होता. पण धुरानं अरुंद झालेल्या श्वासनळ्या त्यानं पूर्ववत होत नाहीत.

अशा आजीला धाप लागली की सगळं घर भोवती गोळा होतं आणि जो तो सांगतो, ‘घाबरू नको व माय, खोल श्वास घे!’ या वाक्याविरुद्ध मला मनापासून तक्रार करायची आहे. ते मायेपोटी म्हटलेलं असतं, तरीही चुकीचं असतं. या आजारात हवा आत जाते, अडते ती बाहेर येताना. श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि जुनी हवा आतच कोंडते. धाप वाढली की माणूस मिनिटाला तीस-तीस श्वास घेतो. मग सोडायला वेळच उरत नाही आणि प्रत्येक श्वासागणिक आणखी थोडी हवा मागे राहते. छाती फुगते, श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू, खाली दाबलं जाऊन सपाट होतं, त्याचा जोर जातो. मान आणि खांद्याचे स्नायू छाती वर ओढू लागतात आणि त्यांनाही प्राणवायू लागतोच. त्यात भीती, आणि भीतीनं श्वास आणखी जलद. अशा वेळी ‘खोल श्वास घे’ म्हणणं म्हणजे काठोकाठ भरलेल्या हंड्यात पाणी ओतणं. म्हणा, ‘श्वास सोड.’ आधी सोडू द्या, आत घ्यायला जागा आपोआप होते.

आता कृती. खुर्चीवर पुढं झुकून बसा, पावलं जमिनीवर, कोपरं मांड्यांवर. टेबल असेल तर त्यावर उशी ठेवून हात आणि डोकं टेकवा. हातांना आधार मिळाला की खांदे सैल सोडता येतात. तोंड मिटून नाकानं दोन आकड्यांपुरता साधा श्वास घ्या, खोल नको. मग ओठांचा चंबू करून चार आकडे मोजत हळू फुंकर सोडा. ओठ अर्धवट मिटलेले असल्यानं नळ्यांत थोडा दाब टिकतो आणि त्या लवकर मिटत नाहीत.

चुकतं कुठं, तेही ऐका. लोक जोरात फुंकतात. त्या जोरानं नळ्या उलट दबतात. काही जण गाल फुगवतात. काही जण शेवटचा थेंबही काढायच्या हट्टानं इतका लांब श्वास सोडतात की पुढचा धापा टाकतच घ्यावा लागतो. चार आकडे जमत नसतील तर तीन मोजा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा. जिना चढताना आणि बादली उचलताना जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडायचा, कोंडायचा नाही.

घरच्यांनी काय करायचं? गर्दी हटवायची. एकानंच शेजारी बसून स्वतः तशीच हळू फुंकर सोडत राहायचं. प्रश्न विचारायचे नाहीत, उत्तर द्यायलाही श्वास लागतो. बॅटरीवरचा छोटा पंखा नाकागालांपासून वीतभर अंतरावर धरा. चेहऱ्याला गार झुळूक लागली की धापेची जाणीव कमी होते. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पंखाही झळाच फेकतो. त्या दिवसांत गार पाण्यात पिळलेलं फडकं चेहऱ्यावरून फिरवा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, म्हणून स्नायूंचं आता भराभर सांगतो. शिकागोच्या एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी स्नायू ताणून सैल सोडण्याची ही पद्धत १९२९ साली पुस्तकरूपानं मांडली. ती बरं वाटत असताना रोज दहा-पंधरा मिनिटं करायची. धाप लागल्यावर शिकायला बसलं तर जमत नाही. जेवून लगेच नको. पाठीला उशा लावून टेकून बसा. सपाट शवासनात या रुग्णांचा जीव घुसमटतो. मूठ पाच सेकंद आवळा, पण पूर्ण ताकदीनं नको, मग वीस-तीस सेकंद सैल सोडा. तसंच खांदे कानांकडे, मग कपाळ, जबडा, मांड्या. पायाची बोटं पुढं ताणली तर पोटरीत गोळा येतो, म्हणून बोटं स्वतःकडे ओढा. ताणताना श्वास रोखू नका. सांधा दुखत असेल तर ताण देऊच नका, नुसता सैल सोडा. डोळे मिटून बेचैनी वाढणारेही असतात. त्यांनी ते उघडे ठेवावेत. भस्त्रिका, कपालभाती आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, या रुग्णांनी करू नयेत.

आणि फुंकर काय, स्नायू सैल करणं काय, यानं नळ्या रुंद होत नाहीत. डॉक्टरांनी दिलेला तातडीचा पंप आधी घ्या, त्याला काम करायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात फुंकर चालू ठेवा. पंप घेऊनही आराम नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल, माणूस गुंगीत किंवा गोंधळल्यासारखा वाटत असेल, तर फुंकर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.