ऊस तुटला की जनावर रस्त्यावर

हे आत्ता स्क्रीनवर रस्त्याला चिकटलेलं दिसतंय ते टायरचं रबर नाही, गाडीखाली मेलेली धामण आहे. कराड तालुका, दोन्ही बाजूला ऊसच ऊस. बिनविषारी साप, उंदीर खाऊन शेतकऱ्याचंच काम करतो, तरी साप म्हटलं की काही जण मुद्दाम गाडी अंगावरनं घालतात.

जनावर गाडीखाली सापडलं की आपण म्हणतो, आलं अचानक आडवं, काय करणार. पण ह्याला सीझन असतोय. दिवाळीच्या आसपास कारखाने चालू झाले की तोड सुरू होते, वर्षभर जो फड लपायला होता तो दोन-चार दिवसांत मोकळा, आणि आतलं रानमांजर, मुंगूस, कोल्हा, साळिंदर, कधी पिल्लांसकट बिबट्याची मादी, सगळी दुसरा फड शोधायला बाहेर पडतात आणि मधी रस्ता. नेमक्या त्याच महिन्यांत रात्रभर उसाच्या डबल ट्रॉल्या चाललेल्या. मागचा कारवाला वैतागून ओव्हरटेक मारतो, ट्रॉलीच्या पलीकडनं काय येतंय ते त्याला दिसणार कसं?

त्यात थंडी. डांबर दिवसभर तापलेलं असतंय, रात्री उशिरापर्यंत कोमट राहतं, म्हणून घोणस, नाग त्यावर येऊन पडतात. ससा हेडलाईटच्या उजेडात दिपतो, बाजूला व्हायचं सोडून पुढंपुढंच पळत राहतो. रातवा पक्षी तर रस्त्यातच बसून किडे टिपतो. डिपर मारून स्पीड कमी केला तर यातले बरेच वाचतात, खरंच.

साताऱ्याजवळ कास-बामणोलीकडं मरतात ते बेडूक आणि खेकडे, पावसाळ्यात. 2012 ला कास पठार युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, सप्टेंबरात फुलं बघायला गाड्यांची रांग लागते, चाकाखाली काय चिरडतंय ते बघायला कोण उतरतंय!

नागपूरकडं पेंचच्या जंगलात एनएच 44 हायवेच्या खालून जनावरांसाठी वाटा ठेवल्यात, सगळ्यात लांब 750 मीटरची. त्यातनं वाघ जाताना कॅमेऱ्यात आलेत, म्हणजे जनावरं वापरतात. आपल्याकडं निदान रस्त्याखाली आहेत त्या मोऱ्या तरी साफ ठेवा की राव, गाळ आणि प्लास्टिकनं तुंबल्यावर रानमांजर जाणार कुठनं?

आणि मेलेलं जनावर रस्त्यात तसंच राहिलं की ते खायला घार, कावळा, कोल्हा उतरतात आणि पुढच्या गाडीखाली तेच जातात. लहानसहान असेल, रस्ता मोकळा असेल, तर काठीनं साईडपट्टीच्याही खाली लोटून द्या. साप असेल तर मेलाय याची खात्री करून मगच, तेही लांबनं. बिबट्या, तरस असलं काही असेल तर गाडीतनं उतरू नका, जखमी असेल तर अजिबातच नाही, वनखात्याच्या 1926 ला फोन करा. नख, मिशी काढून घ्यायची हौस असते काहींना, तो मेलेल्या बिबट्याच्या बाबतीतही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे, आत जाल.