वाघाच्या आधी शेणकिडा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘अन्नसाखळीतील ऊर्जेचा प्रवाह’. घाबरू नका, निवृत्तीनंतर मी फळ्याला हात लावलेला नाही.

आपल्या नागपूरला वाघांची राजधानी म्हणतात. त्यामुळे पाहुणा आला की तर्री-पोहे खाऊ घालायचे आणि जंगलात न्यायचं, ही आपली रीतच. आमचे पुण्याचे व्याही आले, तेव्हा पेंचला सिल्लारी गेटहून जिप्सी केली. जून होता, पहिला पाऊस नुकता होऊन गेलेला. दोन तास वाघ नाही. एका वळणावर रानगव्याचं ताजं शेण दिसलं आणि त्यावर शेणकिड्यांची ही झुंबड! एक पठ्ठ्या डोकं खाली करून, मागच्या पायांनी गोळी ढकलत उलटा चाललेला. मी ओरडलो, “थांबवा!” मागच्या तीन जिप्स्याही थांबल्या. कॅमेरे निघाले. “कुठाय, कुठाय?” मी बोट दाखवलं. विहीणबाई म्हणाल्या, “शेणासाठी थांबवली होय गाडी!” ड्रायव्हर नुसता “काय जी सर” म्हणाला. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. हसा, हसा. आमच्या सौभाग्यवती दुसऱ्या रांगेत बसल्यात, त्याही तेव्हा हसल्या होत्या.

पण मला सांगा, गव्यानं खाल्लेल्या चाऱ्यातला केवढा भाग न पचता बाहेर पडतो! त्यावर किडे जगतात, किड्यांवर पक्षी. आणि सागाची बहुतेक पानं तर कुणी खातच नाही. ती गळतात, मग त्यांच्यावर बुरशी आणि उधई पोसतात. जंगलातला खरा मोठा पंगतखर्च हा असा जमिनीवर होतो, आणि आपण...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर भराभर सांगतो. अंगावर पडलेल्या उन्हातला शेकडा एखादाच भाग झाडं साठवतात. गवतात दहा हजार कॅलरी असतील, तर चितळाच्या अंगी हजारेक लागतात, वाघाच्या शंभरेक. लिंडेमन नावाच्या अमेरिकन पोरानं एका तळ्यावर हा हिशेब मांडला. निबंध १९४२ साली छापून आला, तेव्हा तो हयात नव्हता. वयाची २७ वर्षंही पुरी झाली नव्हती. हा दहा टक्क्यांचा नियम ढोबळ आहे, प्रत्यक्षात आकडा बराच खालीवर होतो. उरलेली ऊर्जा श्वासोच्छ्वासात, धावपळीत उष्णता होऊन जाते. मे महिना काढलेल्यांना उष्णतेबद्दल मी काय सांगू? माती, पाणी, कर्ब फिरून परत येतात, ही उष्णता येत नाही. म्हणून रोज नवं ऊन लागतं. वाघाला वर्षाला चितळाएवढी पन्नासेक जनावरं लागतात. कळप टिकवून तेवढी मिळायची, तर मागे पाचशे हवीत, आणि त्या पाचशेंना गवत. वाघ थोडेच का, त्याचं उत्तर हे.

दुसरी चिठ्ठी. आटोपतोच. वाघ दिसला का, हे चहाच्या वेळी सौभाग्यवतींना विचारा. मी तेव्हा खाली वाकून शेणकिड्याचा फोटो घेत होतो.